यादी, रुमाल आणि संगणक

सचिन संस्थानाचा जन्म एका करारातून झाला. १७९१ साली सिद्दी अब्दुल करीम याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. पुढे १९४८ मध्ये सचिन संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्या काळाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनी पंचेचाळीस खंडांची निवड केली. मात्र निवडीच्या आधी यादी हवी, आणि यादी कागद वाचत नाही. ती केवळ नाव सांगते.

संगणकाचेही तसेच आहे. १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेत 'एलएस' ही आज्ञा आढळते. डिरेक्टरी म्हणजे नावे आणि त्यांच्यापुढील क्रमांक यांचे टिपणच. ही आज्ञा त्यातील नावे वाचून दाखवते. 'एल' जोडल्यास मालक, आकार व तारीख कळते. 'टी' जोडल्यास नवे आधी येते. परंतु ज्या नावाच्या आरंभी टिंब आहे, ते 'ए' जोडल्यावाचून दिसत नाही.

यातील बोध इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा. यादीत नाव नाही म्हणजे कागद नाही, असे नव्हे. सचिनचा शोध 'सचिन' या एकाच नावाखाली संपवू नये. 'जंजिरा', 'सिद्दी', 'हबशी', 'सुरत' हीही नावे चाळावीत. अन्यथा आफ्रिकेतून आलेल्या या लोकांचा इतिहास रुमालात असूनही अदृश्यच राहील.