राष्ट्रदिन, ऋतु आणि सूर्यमाळ

धर्माचे सण आणि राष्ट्राचे सण यांत एक मोठा भेद आहे. धर्माचे सण ऋतूच्या कुशींत जन्मास आले. नवें धान्य घरांत आलें कीं दिवाळी, थंडी ओसरली कीं होळी, धरणी भिजून हिरवी झाली कीं नागपंचमी, असा त्यांचा क्रम आहे. राष्ट्राचे सण मात्र कायद्याच्या कलमांतून आणि राजकारणाच्या घडामोडींतून निघतात. त्यांची तारीख ठरवितांना मेघांचा किंवा उन्हाचा सल्ला कोणी घेत नाहीं. तथापि एकदां तारीख ठरली, कीं ऋतु तिच्यावर आपला हक्क सांगितल्यावांचून राहत नाहीं. सणाच्या निमित्तानें चार माणसें एकत्र जमलीं, म्हणजे पहिली गोष्ट निघते ती हवेचीच.

कॅनडा देशाचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. १ जुलै १८६७ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानें कॅनडा, नोव्हा स्कोशिया व न्यू ब्रन्स्विक या वसाहती एक झाल्या आणि डोमिनियनची स्थापना झाली. १८७९ सालीं तो दिवस कायद्यानें सुटीचा ठरला. पुढें एक शतकभर त्याला ‘डोमिनियन डे’ म्हणत. १९८२ मध्यें ‘कॅनडा डे’ हें नांव आलें. ज्या देशाच्या बहुतेक भागांत वर्षाचे चारपांच महिने बर्फ पडून राहतें, त्याचा राष्ट्रदिन अनायासें ऐन उन्हाळ्यांत येऊन बसला. लोक मोकळ्या मैदानांत जमतात, तळ्याकांठीं जेवतात, रात्रीं दारूकाम पाहतात, आणि यंदां उन्हाळा कसा आहे याविषयीं शेजाऱ्याशीं घटकाभर बोलतात. थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून उन्हाळा तेथें लाडका आहे. त्याच्याविषयींचें बोलणें हा त्या सणाच्या आनंदाचाच एक भाग होय.

महाराष्ट्राच्या वांट्याला असे तीन दिवस आले आहेत आणि ते तीन निरनिराळ्या ऋतूंत विभागले गेले आहेत. १५ ऑगस्ट हा दिवस लॉर्ड माउंटबॅटन यांनीं निवडला. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वार्षिक दिन होता. १९४७ सालीं त्या दिवशीं अधिक श्रावण संपत आला होता आणि कोकणांत पावसाळा भरांत होता. २६ जानेवारीची निवड १९३० सालच्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेच्या स्मरणार्थ झाली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजींच मंजूर झाली होती. ती पूर्णपणें अमलांत आणण्यासाठीं दोन महिने थांबून थंडीचा तो दिवस साधला गेला. तिसरा दिवस १ मे. १९६० सालीं त्या दिवशीं, वैशाखाच्या शुद्ध पक्षांत, महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें.

या तिन्ही दिवसांचा खरा पोत एकाच ठिकाणीं उभें राहून पाहावयाचा असेल, तर सूर्यमाळेसारखी जागा विरळाच सांपडेल. मोखाडे तालुक्यांतील हें पठार जव्हारपासून फार दूर नाहीं. भोंवतालचा मुलूख डोंगरदऱ्यांचा. वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांची. पिकें भात, नागली व वरई. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथें सुमारें शंभर इंच पाऊस कोसळतो. परंतु खालीं काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला तीव्र उतार, अशी रचना असल्यामुळें तें पाणी मुरत नाहीं; ओढ्यांनाल्यांतून नद्यांना आणि नद्यांतून समुद्राला मिळतें.

इतिहासानेंहि या मुलुखाचे दोन भाग केले होते. जव्हार येथें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. चौदाव्या शतकापासून परंपरा सांगणारें हें कोळी राजघराणें होय. मोखाडे पेठा मात्र ब्रिटिशांच्या ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें १५ ऑगस्ट १९४७ रोजीं एकाच पावसांत भिजणारीं दोन खेडीं स्वातंत्र्यांत दोन निरनिराळ्या दारांनीं शिरलीं. मोखाड्यावरील परकी अंमल त्या दिवशीं संपला. जव्हारवर राजाचें छत्र आणखी कांहीं महिने राहिलें आणि १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. ऑगस्टच्या मध्यावर भाताची लावणी आटोपलेली असते, घरांतील धान्याची कणगी मात्र तळाला गेलेली असते. झेंडावंदनाला मुलें इरलीं घेऊन येत, तीं उघडीप मिळेल कीं नाहीं या चिंतेनेंच. जानेवारींत आकाश निरभ्र आणि हवा सुखाची असते. पण तेव्हां गांवेंच अर्धीं रिकामीं होतात. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि रेतीच्या कामावर गेलेलीं असतात. प्रजासत्ताकाचा सण येतो, आणि प्रजा घरीं नसते.

उरला तो १ मे. या दिवसाची किंमत महाराष्ट्रानें रक्तानें दिली आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्यें पुन्हां झाला. शंभरांहून अधिक माणसें या लढ्यांत कामास आलीं. फेब्रुवारी १९५६ मध्यें संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला मराठी व गुजराती मुलुखांचें विशाल द्वैभाषिक निर्माण झालें आणि अखेर तें मोडून दोन राज्यें झालीं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. हाच दिवस जगभर कामगारांचा म्हणून पाळला जातो, हाहि एक अर्थपूर्ण योग होय. कारण मुंबईच्या गिरणीकामगारांनीं या लढ्यांत मोठा वांटा उचलला होता. परंतु लढा मुंबईच्या मालकीचा होता, आणि मुंबईची तहान भागविणारा मुलूख मोखाड्याचा होता, हें स्मरण त्या उत्सवांत फारसें कोणाला झालें नाहीं.

वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून या भागांतून वाहते. तिच्यावरील मोडकसागर हें धरण १९५७ मध्यें, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्मापूर्वीं तीन वर्षें, पुरें झालें. त्यानंतर वरच्या अंगाला अप्पर वैतरणा झालें. पुढें मोखाडे तालुक्यांत कोचाळें येथें मध्य वैतरणा धरण बांधलें गेलें. २०१४ सालीं तें पुरें झालें. १०२ मीटरांहून उंच अशा त्या भिंतीमागून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावें अशी योजना आहे. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र एप्रिल लागला कीं विहिरी आटूं लागतात. स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, झऱ्यापाशीं वाटी वाटीनें पाणी भरतात आणि पुन्हां चढण चढतात. कोठें टँकर विहिरींत पाणी ओततो, मग त्या विहिरीभोंवतीं गर्दी होते.

म्हणून सूर्यमाळेवर वैशाखांत हवेच्या गोष्टी निघतात, त्यांत रिकामपणाचा विरंगुळा नसतो. शहरांतून आलेला पाहुणा पठारावरील वाऱ्याची आणि रात्रींच्या गारव्याची वाहवा करतो. गांवचा माणूस पश्चिमेकडे पाहून वळीव येणार कीं नाहीं याचा अंदाज बांधतो. त्याला राब भाजावयाचा असतो, छप्पर शाकारावयाचें असतें, बियाणें जोडावयाचें असतें. एकाच हवेविषयीं दोघे बोलत असतात. परंतु एकाचें बोलणें उन्हाळा कसा घालवावा याविषयीं असतें, दुसऱ्याचें तो कसा निभवावा याविषयीं.

उन्हाळ्यानें या मुलुखाला एकत्र येण्याची सवडहि दिली आहे, हें विसरतां कामा नये. शेतें मोकळीं असतात, होळीपासून माणसें घरीं परतूं लागतात. शेजारच्या डहाणू-उंबरगांव भागांत वारल्यांनीं वेठबिगार नाकारली, ती मे १९४५ मध्यें झरी येथें भरलेल्या मोठ्या सभेनंतर. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं ती चळवळ उभी राहिली होती. पाऊस पडण्यापूर्वींच कामाच्या अटी ठरल्या, तर पुढचें वर्ष माणसासारखें जातें, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

आज त्या सवडीला कायद्याचा आधार मिळाला आहे. १ मे हा महाराष्ट्रांत ग्रामसभेचा दिवस मानला जातो. जव्हार व मोखाडे हे तालुके अनुसूचित क्षेत्रांत येतात, आणि १९९६ च्या केंद्रीय कायद्यानें अशा क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या जल, जंगल व जमिनीविषयीं मत देण्याचा अधिकार दिला. राज्याचे नियम २०१४ मध्यें झाले. त्याच वर्षीं १ ऑगस्टला ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि जिल्ह्याची कचेरी या डोंगरांच्या थोडी जवळ आली.

सकाळीं शाळेपुढें झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतें, मुलांना खाऊ मिळतो. त्यानंतर सावलींत बसून सभेनें कोणता प्रश्न प्रथम घ्यावा, हें वैशाखच ठरवून ठेवतो. कोणत्या पाड्याची विहीर आटली, कोणता बंधारा फुटला, रोजगार हमीचें काम कोठें काढावें, हे त्या दिवसाचे विषय होत. मुंबईंतील संचलनाइतकेच ते महाराष्ट्रदिनाचे आहेत. कॅनडांतील मनुष्य आपल्या राष्ट्रदिनीं उन्हाविषयीं आनंदानें बोलूं शकतो, कारण त्याच्या घरांतील नळाला पाणी आहे. ज्या वर्षीं सूर्यमाळेच्या पाड्यांवरील माणसें १ मे रोजीं हवेविषयीं तितक्याच निश्चिंतपणें बोलतील, त्या वर्षीं १९६० सालच्या संकल्पाचा एक मोठा भाग सिद्धीस गेला असें म्हणतां येईल.