कवितेचे बोलके भित्तिपत्रक
शालेय काव्यप्रकल्पासाठी बहुमाध्यमी पोस्टर कसे तयार करावे?

गोंदिया : शाळेच्या व्हरांड्यातील भित्तिपत्रक ही मराठी शाळांची जुनी परंपरा. सुवाच्य अक्षरात लिहिलेली कविता, भोवती रंगीत खडूंची वेलबुट्टी आणि खाली विद्यार्थ्याचे नाव, एवढा त्याचा थाट असे. संगणकाने या भित्तिपत्रकाला आवाज दिला. कवितेचा मजकूर, तिचे वाचन, छायाचित्र आणि छोटी चित्रफीत एकाच पृष्ठावर गुंफलेल्या रचनेला बहुमाध्यमी पोस्टर म्हणतात. २०००च्या दशकाच्या अखेरीस 'ग्लॉगस्टर'सारख्या संकेतस्थळांमुळे हा प्रकार जगभरातील शाळांत परिचित झाला. आज तो साध्या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्येही करता येतो.

कविता कोणती?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्याला काव्याचा वारसा मोठा आहे. 'उत्तररामचरित' लिहिणारा संस्कृत नाटककार भवभूती स्वतःला विदर्भातील पद्मपूरचा म्हणवतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. पोस्टरसाठी हा विषय उत्तम आहे.

दुसरा वारसा घराघरांतला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत झाडीबोली बोलली जाते. गोंदिया जिल्ह्यात पोवारी आणि गोंडी बोलणारी कुटुंबेही आहेत. धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळी म्हटली जाणारी गाणी अनेक आजींना मुखोद्गत असतात. परंतु ती बहुधा कागदावर आलेली नसतात. गाणारी पिढी सरली की चालही सरते. चाल कागदावर उतरत नाही, ध्वनिफितीत मात्र उतरते. बहुमाध्यमी पोस्टरचे खरे मोल येथे आहे.

बोलीला 'शुद्ध' करू नये

झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' यांचा उच्चार होत नाही. 'पाणी' तेथे 'पानी' होते, 'डोळा' हा 'डोरा' होतो. संगणकावरील शुद्धलेखन तपासनीस अशा शब्दांखाली तांबडी रेघ ओढतो आणि विद्यार्थी निमूटपणे शब्द बदलतो. मग आवाजात एक शब्द आणि पडद्यावर दुसरा, अशी विसंगती निर्माण होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे आपल्या घरची भाषा चुकीची आहे, असा समज मुलाच्या मनात रुजतो. त्यामुळे तपासनीस बंद ठेवावा, गाणे ऐकू येते तसेच लिहावे आणि अवघड शब्दांचे अर्थ प्रमाण मराठीत वेगळ्या चौकटीत द्यावेत.

अक्षरांची निवड

मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला असता अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. 'मुक्त', 'बलू', 'नोटो सान्स देवनागरी' हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात. 'ऱ्य', 'ऱ्ह', 'क्ष्म' यांसारखी जोडाक्षरे लिहून फॉन्टची आधी परीक्षा घ्यावी. एका पोस्टरवर दोनहून अधिक फॉन्ट नसावेत. कवितेच्या ओळी कवीने जेथे तोडल्या तेथेच तुटल्या पाहिजेत. चौकटीत बसत नाहीत म्हणून ओळ मोडण्यापेक्षा अक्षर लहान करावे.

आवाज आणि चित्र

ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि मोबाइल मुखापासून वीतभर अंतरावर धरावा. सुरुवातीला व शेवटी दोन-तीन सेकंदांची शांतता ठेवावी. काटछाट करण्यासाठी 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपयुक्त ठरते. १२८ केबीपीएस दर्जाची एक मिनिटाची एमपी३ फाइल सुमारे १ एमबीची होते, तर सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे १० एमबीची. पोस्टरमध्ये पहिली वापरावी आणि दुसरी मूळ प्रत म्हणून जपावी. पार्श्वसंगीताचा मोह टाळलेला बरा. शब्द झाकोळले जातात.

पोस्टर ए३ आकारात छापायचे असल्यास १५० डीपीआयच्या हिशेबाने २४८० बाय १७५४ पिक्सेलचे पृष्ठ घ्यावे. नवेगावबांधचा जलाशय, धानाचे शेत किंवा सारस पक्षी यांची छायाचित्रे विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली असावीत. चित्राने कवितेचा केवळ अनुवाद करू नये, तिच्यात भर घालावी.

कायदा काय सांगतो?

महाजालावर दिसते ते सर्व विनामूल्य असते, हा गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कवीच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे कवितेवर हक्क राहतो. केशवसुत १९०५ मध्ये आणि बालकवी १९१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या कविता मुक्त आहेत. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत कायम आहे. शिक्षक व विद्यार्थ्यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला कायद्याने सवलत दिली आहे. मात्र तेच पोस्टर सर्वांसाठी महाजालावर ठेवणे ही वेगळी बाब ठरते. तेव्हा हक्कधारकाची परवानगी घ्यावी.

पारंपरिक गाण्याला कवी ज्ञात नसला तरी गाणाऱ्या व्यक्तीला कलावंत म्हणून हक्क आहेत. आजीचा आवाज मुद्रित करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी, पोस्टरवर तिचे नाव द्यावे की नाही हे तिलाच विचारावे आणि तयार झालेले पोस्टर तिला प्रथम ऐकवावे.

जुळणी आणि जतन

पोस्टरवर एक शीर्षक, एक कविता, एक ध्वनिफीत आणि दोन-तीन चित्रे पुरेशी होतात. 'लिबरऑफिस इम्प्रेस' किंवा 'पॉवरपॉइंट'मध्ये ध्वनिफीत फाइलमध्येच अंतर्भूत करावी. केवळ दुवा दिल्यास दुसऱ्या संगणकावर चित्र दिसते, पण आवाज उमटत नाही. इंटरनेट खंडित असतानाही पोस्टर चालते का, हे सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तपासावे. ध्वनिफितीचा संपूर्ण मजकूर पडद्यावर असावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही कविता पोहोचते.

जतनाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'फ्लॅश' या तंत्रज्ञानाचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर बेतलेली असंख्य पृष्ठे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. म्हणून मजकूर, आवाज आणि चित्रे यांच्या मूळ फाइली स्वतंत्रपणे दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक प्रत शाळेत, एक घरी. फाइलच्या नावात वर्ष व गावाचा उल्लेख असावा.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी किंवा २१ मार्चच्या जागतिक काव्य दिनी अशी पोस्टरे शाळेत मांडता येतील. गुणपत्रिकेतील गुण कालांतराने विस्मरणात जातील. परंतु परहे रोवताना गायिलेले आजीचे गाणे तिच्याच आवाजात घरी राहील.