खेळाआधीची बैठक

तालमीतल्या आखाड्याची लाल माती आपोआप तयार होत नाही. ती खणावी लागते, चाळावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करावी लागते. मग पैलवान आत उतरतो आणि मातीला लावलेला हात कपाळाला लावतो. गवयाची मैफल तंबोरे जुळल्याशिवाय सुरू होत नाही आणि जवारी लागेपर्यंत श्रोताही कुरकुर करत नाही. या दोन्ही ठिकाणी साधने तयार होत असतात आणि ती तयार करता करता माणूसही तयार होत असतो. या दुसऱ्या तयारीला आपल्या भाषेत ‘बैठक’ असा नेमका शब्द आहे.

व्हिडिओ गेमला अशी काही बैठक असते, हे आपण सहसा मानत नाही. बटण दाबले की खेळ सुरू, वीज गेली की खेळ बंद, अशीच आपली समजूत. परंतु या खेळाच्या पन्नासएक वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. खेळायला बसण्याआधीची तयारी त्यात पहिल्या दिवसापासून होती. फक्त ती कोणी करायची, हे बदलत गेले.

घरातल्या टीव्हीवर खेळायचे पहिले यंत्र १९७२ साली अमेरिकेत विक्रीला आले. त्याचे नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. त्याचा जनक राल्फ बेअर हा १९२२ साली जर्मनीत जन्मलेला ज्यू. हिटलरच्या राज्यातून त्याचे कुटुंब १९३८ साली अमेरिकेला निसटले. पुढे तो इंजिनियर झाला आणि घरोघरच्या टीव्हीचा बघण्याखेरीज काही उपयोग करता येईल का, या प्रश्नाच्या मागे लागला. सुमारे १०० डॉलर किमतीच्या या यंत्राच्या खोक्यात काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. खेळ बदलण्यासाठी लहान कार्डे होती. शिवाय फासे, पत्ते, खोटे पैसे, गुण लिहायचे कागद आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत, पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे होते. यंत्र स्वतः पांढरे ठिपके आणि एक रेघ यांपलीकडे काही दाखवू शकत नसे. टेनिसचे मैदान, बर्फाचा उतार, भुताचा वाडा हे सगळे त्या पडद्यांवर छापलेले. टीव्हीच्या आकाराप्रमाणे पडदे दोन मापांचे होते. योग्य माप निवडून ते नीट बसवावे लागत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या यंत्राला आवाज नव्हता आणि गुण मोजता येत नव्हते. ठिपका पडद्यावरच्या भिंतीतून आरपार गेला तरी यंत्र काही बोलत नसे. भिंत आहे असे दोघा खेळाडूंनी आधी ठरवायचे आणि ते पाळायचे. गुणही आपणच कागदावर मांडायचे. म्हणजे नियम यंत्रात नव्हते, खेळणाऱ्यांच्या मनात होते. खेळायला बसण्यापूर्वी ते एकमेकांना सांगावे लागत आणि मान्य करावे लागत. आपल्या सारीपाटाशी किंवा सोंगट्यांशी या यंत्राचे नाते आजच्या खेळांपेक्षा जवळचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचे यंत्र ठेवले. इथे तयारी शून्य. नाणे टाकायचे आणि मूठ फिरवायची. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली, तेव्हा ते बनवणारा अॅल अल्कॉर्न बघायला गेला, तर नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळे यंत्र अडले होते! पुढे जो धंदा वाढला त्याची दिशा या पेटीनेच दाखवली. खेळाडूने आधी काही करावे न लागणे, हीच सोय आणि तेच भांडवल.

तरीही घरातल्या यंत्रांना ही सोय साधायला बराच काळ लागला. इंग्लंडात १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचे खेळ साध्या कॅसेटवर असत. भारतातही ऐंशीच्या दशकात त्याची परवान्याने बनलेली आवृत्ती विकली गेली. टेपरेकॉर्डर संगणकाला जोडायचा, आवाजाची चकती नेमक्या जागी आणायची आणि किंचाळणारा आवाज ऐकत पाचएक मिनिटे वाट पाहायची. टेपचे हेड वाकडे असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने ते सरळ करायचे. शेवटच्या क्षणी चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. त्या पाच मिनिटांत मुलाला दुसरे काही करता येत नसे. ते गप्प बसे. बाहेरून हा वेळ वाया जात होता; आतून तो तंबोरा लावण्याचा वेळ होता.

जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ साली आले आणि नव्वदच्या दशकात त्याच्या नकला आपल्या शहरांतल्या दुकानांत दिसू लागल्या. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, त्या पिढीच्या हातांना ही क्रिया आजही पाठ असेल : टीव्हीमागची अँटेनाची वायर काढायची, खेळाची वायर खोचायची, अडॅप्टर लावायचा आणि चित्र स्थिर होईपर्यंत चॅनेल जुळवायचे. खेळाच्या डबीला आपल्याकडे मुले ‘कॅसेट’च म्हणत. तिच्यावर लाखो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत तेच पाचपंचवीस खेळ फिरून फिरून येत. चित्र आले नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. ही फुंकर टोकियोपासून टेक्सासपर्यंत सगळीकडे सारखीच होती, आणि ती निरुपयोगीच नव्हे तर अपायकारकही होती, कारण श्वासातल्या दमटपणाने तांब्याचे संपर्कबिंदू गंजतात. निन्टेंडोनेही तसे न करण्यास सांगितले होते. कॅसेट पुन्हा घातल्यामुळे संपर्क नीट जुळे आणि श्रेय फुंकरीला मिळे. शास्त्र काही म्हणो, ती या खेळाची पायलागू होती.

यंत्र असे अडून बसत होते, त्यामुळे घरातही आपोआप एक व्यवस्था लागत होती. टीव्ही एकच, तो दिवाणखान्यात, आणि बातम्यांची वेळ झाली की वायर पुन्हा अँटेनाची. खेळाला सुरुवात होती तसा शेवटही होता, आणि दोन्ही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत.

मनाच्या तयारीचा इतिहास याच सुमारास अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ऑटम्वा या गावी सुरू झालेला दिसतो. तिथे वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने १९८१ साली ‘ट्विन गॅलक्सीज’ हे खेळघर काढले आणि पुढच्याच वर्षापासून देशभरच्या विक्रमांची वही ठेवायला सुरुवात केली. गंमत अशी की हे डे महाशय महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीचे साधक. त्या पंथाचे अमेरिकेतले मोठे केंद्र असलेले फेअरफील्ड ऑटम्वापासून जवळच आहे. या खेळघरात जानेवारी १९८४ मध्ये टिम मॅकव्हे या सोळा वर्षांच्या मुलाने ‘निबलर’ या खेळात १०० कोटींहून अधिक गुण केले. एका खेळात अब्ज गुण करणारा तो पहिला. एका नाण्यावर त्याचा डाव ४४ तासांहून अधिक चालला.

निबलर म्हणजे सापाचा खेळ. खात जायचे, लांब होत जायचे आणि स्वतःच्याच शेपटीवर आदळायचे नाही. नोकियाच्या फोनवर १९९७ नंतर जो साप घरोघरी आला, त्याचाच हा थोरला भाऊ. अशा खेळात चपळाईपेक्षा हिशेब मोठा. उठायचे झाले तर आधी जादा जीव साठवायचे आणि ते एकेक करून खर्ची पडेपर्यंत परत यायचे. म्हणजे विश्रांतीसुद्धा खेळातच मिळवून ठेवावी लागे. कुठे जोर लावायचा, कुठे सोडून द्यायचे, हे आधी ठरलेले नसेल तर अशी मजल मारता येत नाही. मात्र दोन रात्रींच्या जागरणाचा हा विक्रम अनुकरणासाठी नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे.

जपानमध्ये हे सांगणारा माणूस खेळाच्या धंद्यातूनच पुढे आला. हडसन कंपनीचा तोशियुकी ताकाहाशी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध होता. मुले त्याला ‘मेइजिन’, म्हणजे उस्ताद, म्हणत. गावोगावच्या स्पर्धांत हजारो मुलांसमोर उभे राहून त्याने १९८५ साली सांगायला सुरुवात केली : खेळ दिवसाला एक तास. ज्या कंपनीचा नफा मुलांच्या खेळण्यावर, तिच्याच माणसाने असे बोलावे याचे आश्चर्य वाटते. पण सेकंदाला सोळा वार करणाऱ्या बोटांचे काय होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पाच वर्षांनी, १९९० साली, अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र प्रसिद्ध झाले. पस्तीस वर्षांच्या एका बाईंचा अंगठा दुखत होता. मुलाच्या निन्टेंडोवर त्या सलग पाच तास खेळल्या होत्या. डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिले ‘निन्टेंडिनायटिस’. यंत्राची तयारी झाली, शरीराची राहिली, असा त्या नावाचा अर्थ.

साधनांची जुळणी शिगेला पोचली ती संगणकांवरच्या नेमबाजीच्या खेळांत. ‘डूम’ १९९३ साली आला, ‘क्वेक’ १९९६ साली. स्वीडनमध्ये ‘ड्रीमहॅक’ आणि टेक्सासमध्ये ‘क्वेककॉन’ या मेळाव्यांना मुले जड संगणक आणि त्याहून जड मॉनिटर उचलून येऊ लागली. तारा जोडण्यात निम्मी रात्र जाई. डेनिस फाँग, ऊर्फ ‘थ्रेश’, याने १९९७ च्या क्वेक स्पर्धेत बक्षीस म्हणून फेरारी गाडी जिंकली. ती गाडी होती खेळाच्या एका निर्मात्याची, जॉन कारमॅकची. डावी बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर आणि उजव्या हातात माऊस, ही बैठक लोकप्रिय करण्याचे बरेचसे श्रेय या फाँगला देतात. डावा हात पावले टाकतो, उजवा हात नजर फिरवतो. दोघांनी एकमेकांच्या कामात पडायचे नाही. तबल्याचा डावा आणि उजवा ज्यांनी कमावला आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको. त्या काळचा माऊस गोळीवर चाले. डावाआधी गोळी काढून आतल्या चाकांवरचे कीट नखाने खरवडणे हा सायबर कॅफेतल्या ‘काउंटर-स्ट्राइक’चा पहिला अंक असे.

या साऱ्याला संस्थेचे रूप दिले ते दक्षिण कोरियाने. ‘स्टारक्राफ्ट’ १९९८ साली आला आणि ‘पीसी बांग’ म्हणवणाऱ्या खेळघरांतून देशभर पसरला. सन २००० मध्ये खेळाडूंचा संघ स्थापन झाला, सामने टीव्हीवर दिसू लागले. खेळाडू स्वतःचा कीबोर्ड आणि माऊस घेऊन येत, गर्दीचा आवाज येऊ नये म्हणून काचेच्या खोलीत बसत. बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर २००४ सालच्या अंतिम सामन्याला लाखभर लोक लोटले होते. आणि याच देशात, २००५ च्या ऑगस्टमध्ये, देगू शहरातल्या एका खेळघरात अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस जवळजवळ पन्नास तास खेळून खुर्चीतच कोसळला आणि मरण पावला. काचेच्या खोलीतल्या खेळाडूला प्रशिक्षक होता, वेळापत्रक होते. या माणसाला फक्त खुर्ची होती. सरकारने २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन खेळण्यास बंदी घातली. दहा वर्षे तो कायदा चालवून पाहिला आणि २०२२ च्या आरंभी तो रद्द झाला. तोवर मुले संगणकावरून मोबाइलवर गेली होती.

मोबाइलमुळे पाँगच्या पेटीचे स्वप्न पुरे झाले. या यंत्राला वायर नाही, चॅनेल नाही, फुंकर नाही. ते सदैव तयार असते आणि खेळणारा बिनतयारीचा असतो. अंथरुणात, रिक्षात, पंगतीत, कुठेही डाव सुरू होतो; कधी सुरू झाला ते घरातल्या कोणाला कळत नाही आणि कित्येक खेळांना शेवट असा नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद केली आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सारे साधारण वर्षभर टिकणे, ही त्याची लक्षणे. प्रत्येक खेळणारे मूल रोगी नव्हे, हेही त्यातच आले. आपल्या संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांत रेघ ओढण्याचे हे काम कायद्याचेच होते. पण दिवाणखान्यातली बैठक कायदा घालून देऊ शकत नाही.

ती आता आपणच घालायची आहे. यंत्र पूर्वी जे सक्तीने करून घेत होते, ते हौसेने करायचे : खुर्ची आणि उजेड ठीक करावा, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवावा, मनगटे मोकळी करावीत, अभ्यासाचे आणि जेवणाचे उरकून मग बसावे. ओडिसीच्या खेळाडूंप्रमाणे नियम आधी बोलून घ्यावेत, आणि त्यात थांबण्याचा नियम पहिला असावा. मुलाला डाव संपल्यावर ‘किती वेळ खेळलास?’ असे विचारले की उरतो तो वाद. तोच प्रश्न डावाआधी वेगळ्या शब्दांत विचारता येतो : आज काय खेळणार आहेस, कोणाबरोबर, आणि कुठे थांबणार आहेस? आपल्या घरांत हा प्रश्न आई मराठीत विचारील, शेजारची अज्जी कन्नडात विचारील. उत्तर द्यायला मुलाला क्षणभर थांबावे लागेल, आणि त्याची बैठक तिथूनच सुरू होईल.