न दिसणाऱ्या धाग्याची मजुरी

पैठणीवर, मेंदीत, आजीच्या शालीवर आपण जी कोयरी बघतो ना, तिला इंग्रजीत एका स्कॉटिश गावाच्या नावानं ओळखतात. पेझली. आजचा एपिसोड या गावावर.

ग्लासगोच्या पश्चिमेला साधारण ११ किलोमीटरवर, व्हाइट कार्ट नदीकाठी, बाराव्या शतकातल्या एका मठाभोवती हे गाव वाढलं. नदी इथे खडकांवरून खाली येते, म्हणून गिरण्यांना पाण्याची ताकद मिळाली. हवा दमट, त्यामुळे सूत कमी तुटायचं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये काश्मिरी शालींची क्रेझ आली. अस्सल शाल विणायला कधीकधी वर्षाहून जास्त लागायचं, किंमतही तशीच. मग नकला सुरू झाल्या. एडिंबरा आणि नॉरिच आधी, पेझली नंतर; पण पेझलीनं स्वस्तात माल काढून सगळ्यांना मागे टाकलं. नक्षी काश्मीरची, नाव पेझलीचं! मला हे खटकतं, खरं सांगतो. पुढे जकार्ड माग आले. भोकं पाडलेल्या कार्डांची माळ मागाला सांगायची, कुठले धागे उचलायचे. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे ही कार्डं मला आमच्या खापरपणजोबांसारखी वाटतात.

पण खरी गोष्ट विणकरांची आहे. शालीत रंगीत धाग्यांच्या मधून एक बारीक सुती धागा टाकावा लागायचा, ‘स्मा शॉट’. तो सगळी वीण धरून ठेवायचा, पण वरून दिसायचा नाही. मालकांचं म्हणणं, दिसत नाही त्याचे पैसे कसले? म्हणजे धागा घालायचाच, शिवाय तो विणकरानं पदरच्या पैशानं आणायचा. बरं, धंदा बेभरवशाचा. १८४० च्या दशकातल्या मंदीत गावाचे इतके हाल झाले की व्हिक्टोरिया राणीनं मदत म्हणून पेझलीच्या शाली विकत घेतल्या.

विणकर भांडत राहिले आणि १८५६ मध्ये मालकांना या धाग्याचे पैसे द्यावे लागले.

१८७० च्या आसपास शालींची फॅशनच गेली. गाव तरलं ते कोट्स आणि क्लार्क यांच्या शिवणदोऱ्यावर. शेवटची दोरा गिरणी १९९३ मध्ये बंद झाली. पण जुलैच्या पहिल्या शनिवारी आजही तिथे ‘स्मा शॉट डे’ असतो. पूर्वी विणकरांना गोळा करायला वाजवायचे तसा ढोल वाजवत मिरवणूक निघते, आणि ‘कॉर्क’चा पुतळा जाळतात. कॉर्क म्हणजे पैसे बुडवणारा तो मालक.