चित्राचें बिऱ्हाड

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा काढली, तेव्हां रंगीत चित्र छापणें म्हणजे दगडाशीं झुंज होती. एकेका रंगासाठीं निराळा दगड घासून तयार करावयाचा, त्यावर चित्राचा तेवढाच अंश उतरावयाचा, आणि तोच कागद एकामागून एक दगडांवर केसभरही न सरकतां दाबावयाचा. देवदेवतांचीं आणि इतिहासांतील पुरुषांचीं चित्रें अशा खटाटोपांतून घरोघरीं पोंचलीं. त्या काळीं एखाद्यानें दुसऱ्याच्या चित्राची नक्कल केलीच, तरी दगड त्याचा, शाई त्याची आणि घामही त्याचाच. चोरी होती खरी, पण फुकटची नव्हती.

पुढें मासिकांत जस्ताचे आणि तांब्याचे ठसे आले. छापखान्यांतील मंडळी त्यांना ब्लॉक म्हणत. एकानें करवून घेतलेला ब्लॉक दुसऱ्यानें उसना नेण्याची रीत होती. तो मागावा लागे, ओरखडा न पाडतां जपावा लागे, काम होतांच परत करावा लागे, आणि चित्राखालीं ‘अमक्यांच्या सौजन्यानें’ अशी एक ओळ घालावी लागे. ती ओळ आपण वाचक बहुधा वाचीत नसूं. परंतु चित्र कोठून आलें याचा माग तिच्यांत शिल्लक राहत असे.

हा माग तुटला म्हणजे काय होतें, याचें मोठें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. संशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं शिवाजी महाराजांचें अस्सल चित्र पुराव्यासह लोकांसमोर आणलें. तत्पूर्वीं इब्राहिमखान नांवाच्या एका सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात असे! छापणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. मात्र एकाचें पाहून दुसऱ्यानें आणि दुसऱ्याचें पाहून तिसऱ्यानें छापावयाचें ठरलें, कीं मुळाकडे जाऊन पाहण्याचें कारणच कोणाला उरत नाहीं. बेंद्र्यांचें खरें काम चित्र सांपडण्याइतकेंच त्याचें मूळ ठिकाण दाखविण्याचें होतें.

आतां संगणकाच्या युगाकडे वळूं. येथें चित्र उचलण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांचे दोष एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. पहिली तऱ्हा साध्या नकलेची. चित्र उतरवून घ्यावयाचें, कडेचें नांव कापावयाचें आणि सकाळच्या शुभेच्छांबरोबर नातलगांत वाटावयाचें. यांत मूळ घराला कसलाही खर्च पडत नाहीं, मात्र चित्र पोरकें होतें. गणेशोत्सवांत रात्र रात्र जागून छायाचित्रें काढणाऱ्याचें नांव दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत पुसलेलें असतें, आणि त्याच नांवावर त्याला पुढचें काम मिळावयाचें असतें.

दुसऱ्या तऱ्हेस हॉटलिंकिंग म्हणतात. हिच्यांत नक्कल मुळीं होतच नाहीं. आपल्या पानावर आपण चित्राचा नुसता पत्ता लिहून ठेवतों. वाचकानें आपलें पान उघडलें कीं त्याचें यंत्र गुपचूप त्या पत्त्यावर जातें आणि परक्याच्या सर्व्हरवरून चित्र घेऊन येतें. शोभा आपल्या पानाची, आणि वाहतुकीचें बिल त्या गृहस्थाच्या नांवें. शेजाऱ्याच्या मीटरवर आपल्या दिवाणखान्यांतील दिवा लावावा, तसाच हा प्रकार. शेजाऱ्यानें खटका बंद केला, कीं आपल्याकडे अंधार. त्यानें त्याच पत्त्यावर दुसरेंच चित्र ठेवलें, तर आपल्या गंभीर मजकुराशेजारीं तें झळकतें. त्रासलेल्या कित्येक मालकांनीं मुद्दाम तसें केलेलेंही आहे! कांहीं सर्व्हर मागणी कोणत्या पानावरून आली हें पाहून दारांतूनच नकार देतात.

थेंबे थेंबे किती पाणी जातें, हें फेब्रुवारी २०२१ मध्यें जगाला कळलें. विकिमीडियाच्या सिंगापूर येथील केंद्रांतून जीं चित्रें मागितलीं जात, त्या मागण्यांपैकीं सुमारें २० टक्के एकट्या एका अ‍ॅस्टर फुलाच्या छायाचित्रासाठीं आहेत, असें तंत्रज्ञांना आढळलें. दररोज सुमारें ९ कोटी मागण्या, आणि त्या येत होत्या भारतांतून. जून २०२० पासून त्या वाढत गेल्या होत्या. शोधाअंतीं कारण निघालें तें एक मोबाइल अ‍ॅप. तें उघडतांच फुलाचें चित्र मागवी, पण पडद्यावर कधीं दाखवीतच नसे. बहुधा कोण्या कारागिरानें नमुना म्हणून लिहिलेला पत्ता काढावयाचा राहून गेला असावा. मला यांत दुष्टपणा दिसत नाहीं, बेफिकिरी दिसते. आणि शेजाऱ्याला दोहोंचा भुर्दंड सारखाच.

गंमत अशी कीं, २००४ सालीं सुरू झालेलें विकिमीडिया कॉमन्स हें चित्रभांडार अशा जोडणीस मनाई करीत नाहीं. शिफारस तेवढी करीत नाहीं. म्हणजे यजमानाचा शब्द काय आहे, तें आधीं पाहावयाचें. ‘अमुक ठिकाणीं जाऊन पाहा’ असा साधा दुवा देण्यास सहसा कोणाची हरकत नसते, कारण तेथें पाहुणा मूळ घरीं जातो आणि मालकाची पाटी वाचतो. चित्र आपल्याच पानावर हवें असल्यास परवानगीनें उतरवून घेऊन आपल्या जागेंत ठेवावें आणि कर्त्याचें नांव खालीं लिहावें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानें तर कर्त्यानें हक्क विकले तरी ‘ही कृति माझी’ असें म्हणण्याचा अधिकार त्याच्याजवळच राहतो.

चित्रशाळेच्या आरंभींच्या चित्रांना आतां परवानगीची गरज उरलेली नाहीं. तीं कोणींही छापावीं. मात्र तीं घेतांना ‘चित्रशाळा, पुणें’ एवढीं अक्षरें कडेला असल्यास कापूं नयेत, आणि कोणत्या संग्रहांतून घेतलीं तेंही त्यांखालीं लिहावें.