तळ्यातले हिस्लॉप

आम्हा नंदनवनकरांना हिस्लॉप म्हणजे कॉलेज. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसारासोबत त्यांनी जीवाश्मही गोळा केले. मध्य भारतातल्या गोड्या पाण्यात पापुद्र्यासारखी वसाहत करणाऱ्या एका इवल्या जीवाला एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये नाव दिले: हिस्लॉपिया लॅकुस्ट्रिस. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना लावलेली ही दोनपदी रीत. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. लॅकुस्ट्रिस म्हणजे तळ्यातला. शेवटी ‘कार्टर, १८५८’ लिहितात, गझलेच्या मक्त्यात कवीचे तखल्लुस यावे तसे. पण मान दिला तो दुसऱ्याला. हिस्लॉप १८६३ मध्ये पुरात बुडाले. नाव पाण्यात जिवंत राहिले. तळीच बुजवली, तर ते फक्त पुस्तकात उरेल.