‘आता काही करण्यासारखं नाही’ : एका वाक्याचा इतिहास



आपल्या गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला जाते. परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली माणसं तिच्यात भेटतात, मांडीवर फायलींची पिशवी घेऊन. त्यातल्या काहींना आधीच एक वाक्य ऐकवलेलं असतं.

माझ्या थोरल्या भावालाही ते ऐकावं लागलं. आजार हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." दादा म्हणाला, "साहेब, बरं करा म्हणत नाही. रात्री झोपू तरी द्या." उत्तर आलं नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला मी, तिथे गप्प उभा होतो.

या वाक्यात दोन अर्थांची गल्लत आहे. ‘रोग बरा होणार नाही’ हे एक विधान. ‘माणसासाठी काही करता येणार नाही’ हे दुसरं. पहिलं खरं असेल, म्हणून दुसरं खरं ठरत नाही. वैद्यकाला हा फरक कळायला वेळ लागला.

टाटा हॉस्पिटल सुरू झालं १९४१ साली. तेव्हा सगळा झगडा रोगाशी होता, आणि ते स्वाभाविकच होतं. १९६७ मध्ये लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या. त्यांचं म्हणणं असं की वेदना समग्र असते : शरीराची, मनाची, घरादाराची आणि ‘माझ्या जगण्याला अर्थ काय’ या प्रश्नाचीही. पुढच्याच वर्षी आपले तुकडोजी महाराज कर्करोगाने गेले. त्यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आज नागपुरात आहे. पण हॉस्पिसचा विचार आपल्याकडे यायला आणखी अठरा वर्षं लागली. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. देशातलं ते पहिलं हॉस्पिस.

त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध द्यायची पद्धत सांगितली. तीव्र वेदनेला मॉर्फिन, शक्यतो तोंडाने, घड्याळ लावून. आणि आपल्याकडे बघा काय झालं! आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांची कटकट, शिक्षेची भीती. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. औषधासाठी अफू पिकवणारा आपला देश, आणि आपलेच रुग्ण विव्हळत राहिले. डॉक्टरांच्या पिढ्या हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडल्या. कायदा सैल झाला २०१४ मध्ये.

म्हणून मी त्या डॉक्टरांना दुष्ट म्हणत नाही. त्यांना कोणी शिकवलंच नसेल. पण त्याची किंमत रोग्याने का मोजावी?

आम्ही दुसरे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी विचारलं, "दुखतं कुठं? झोप लागते का?" मॉर्फिनच्या गोळ्या, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. चार दिवसांत दादा झोपू लागला. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर खाट टाकून बसायचा आणि बांधीत पाणी किती ठेवायचं यावरून पोराशी भांडायचा. पुढे तो गेला. पण ते दिवस तो रोगी म्हणून नाही, शेतकरी म्हणून जगला.

ही सेवा अगदी शेवटच्या घटकेसाठीच असते, असंही नाही. २०१० साली बोस्टनच्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ती सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण अधिक बरे जगले, आणि सरासरीने अधिक काळही.

तेव्हा मंडळी, असं वाक्य कानी पडलं तर उठू नका. कागदावर लिहून नेलेले तीन प्रश्न विचारा : दुखणं कमी करायला काय देता? त्रास वाढला तर कोणाला फोन करू? पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशामक सेवेचा विभाग कुठे आहे? उत्तर नाही मिळालं तर कागदपत्रं मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. हाती घेतलेल्या रोग्याकडे दुर्लक्ष करू नये, हेही तिथेच लिहिलंय. मग दुसरं दार ठोठवा, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

त्या दिवशी मी गप्प राहिलो. तुम्ही राहू नका.